‘जनुक संपादन’ म्हणजे नक्की काय मिळवलं?

धागाकर्ती

पशुपालकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करते आहे. त्यात गायी, डुकरं, मेंढ्या यांच्यातल्या जीन एडिटिंगवर, म्हणजे जनुकांत ठरवून केलेल्या बदलांवर, एक प्रकरण आहे. पेपरांत रुळलेला शब्द म्हणून ‘जनुक संपादन’ घातला आणि मसुदा सासऱ्यांना वाचायला दिला. गोठ्यात दहा गायी आहेत त्यांच्या. त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं, “संपादन? म्हणजे सरकार जनावरं ताब्यात घेणार का?” त्यांची चार एकर जमीन कालव्यात गेली आहे. त्यांना संपादन म्हटलं की भूसंपादनच आठवतं. शब्द बदलू, की खाली टीप देऊ?

पशुवैद्य

ताई, सासरे चुकले नाहीत. मराठीत संपादन म्हणजे मूळचं मिळवणं. विद्या संपादन केली, विश्वास संपादन केला, यश संपादन केलं. मजकूर तपासून नीट करण्याचा अर्थ छापखान्याबरोबर पक्का झाला. हिंदीवाल्यांना अडचण येत नाही, कारण जमिनीसाठी त्यांच्याकडे ‘अधिग्रहण’ आहे. आपल्याकडे दोन्ही ओझी एकाच शब्दावर.

शिवाय ‘जनुक संपादन’ सरळ वाचलं तर ‘जनुक मिळवणं’ असा अर्थ निघतो, आणि पुष्कळदा घडतं ते नेमकं उलटं. पीआरआरएस हा डुकरांचा फार वाईट रोग. माद्या गाभडतात, पिल्लांना धाप लागते. त्याचा विषाणू सीडी१६३ नावाच्या प्रथिनाला धरून पेशीत शिरतो. त्या प्रथिनाच्या जनुकाचा एक तुकडा क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या साधनाने काढून टाकला, की विषाणूला आत जायला वाट मिळत नाही. अशा डुकरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. यात डुकराने काहीच मिळवलेलं नाही, उलट थोडं गमावलं आहे.

‘जनुकीय फेरफार’ तर मुळीच नको. सातबारावर फेरफार नोंद असते (तिलाही इंग्रजीत म्युटेशनच म्हणतात), आणि ‘आकड्यांत फेरफार’ म्हटलं की लबाडीचा वास येतो.

मला ‘छाटणी’ सुचते. द्राक्षवाल्याला एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी सांगावी लागत नाही. कात्री माणसाची, पण पुढची फूट वेलीची असते. इथेही तसंच. क्रिस्पर फक्त कापतं, तुटलेली टोकं पेशी स्वतः जोडते. त्या जोडणीत कधी डीएनएचं एखाददुसरं अक्षर गळतं आणि जनुक बंद पडतं.

जीवशास्त्राच्या शिक्षिका

डॉक्टर, छाटणी सुंदर आहे, पण अपुरी आहे. भुंड्या वळूंचं काय करणार? होल्स्टीन या दुधाच्या जातीला शिंगं येतात, म्हणून लहानपणीच वासराचे शिंगांचे कोंब डागतात. ती वेदना वाचावी म्हणून मिनेसोटातल्या एका कंपनीने अँगस गायीत निसर्गतःच असलेलं बिनशिंगी रूप होल्स्टीनच्या पेशीत बसवलं. २०१५ मध्ये दोन भुंडे गोऱ्हे जन्मले. ही छाटणी नव्हे, हे कलम झालं.

आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये त्याच अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांना त्या वळूंच्या जनुकसंचात जिवाणूंच्या डीएनएचा तुकडा सापडला, प्रतिजैविकांना दाद न देण्याची ताकद देणाऱ्या जनुकांसकट. बदल करायला जे साधन वापरलं होतं, तेच आत राहून गेलं होतं. ‘छाटणी’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं, फक्त काढलंय, आत काही गेलंच नाही. त्या वळूंच्या बाबतीत ते खोटं ठरलं असतं. वर्गात मी ‘जनुक संपादन’च वापरते. मुलांना पुढे तोच शब्द भेटणार आहे.

पशुवैद्य

मान्य, बाई. माझा आग्रह छाटणीचा नाही, वेगवेगळ्या कामांना वेगवेगळे शब्द असावेत एवढाच आहे. तो कुठून आला ते सांगतो.

फलटणच्या बाजूला नोकरीला असताना एका वाड्यावर गेलो होतो. धनगर बाबांनी एक मेंढी पुढे ओढली. पायाशी दोन कोकरं, दोन्ही ढुशा देऊन पीत होती. मला म्हणाले, “सायब, हिला जुळी व्हावीत म्हणून सुई मारलीय म्हणत्यात. मटण खाल्लं तर माणसाला काय हुईल का?” ती नारी सुवर्णा होती. सुंदरबनातल्या गरोळ या लहानखुऱ्या मेंढीत जुळी देणारं फेक-बी जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनी मेंढीत आणलं. मेंढे निवडून, पिढ्यान् पिढ्या संकर करून, आणि कुठल्या कोकरात ते उतरलं हे डीएनए तपासून. सुई नाही, कात्री नाही, निव्वळ पैदास. हे समजावताना माझी जीभ अडखळली, कारण या सगळ्याला आपण एकच शब्द वापरतो: ‘जनुकीय बदल’.

२०२५ मध्ये श्रीनगरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने जनुक संपादित कोकरू जाहीर केलं. त्यात स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारं मायोस्टॅटिन जनुक बदललं आहे. उद्या ते कोकरू आणि ही मेंढी एकाच मथळ्याखाली छापली, तर बाबांना मी काय सांगू? म्हणून पैदास, छाटणी, कलम हे शब्द वेगळे ठेवा. वरचं सामायिक नाव संपादन राहू द्या.

धागाकर्ती

मग असं करते. प्रकरणाचं नाव ‘जनुक संपादन’, आणि लगेच खाली “हे भूसंपादनातलं संपादन नव्हे” एवढं ठळक अक्षरांत. पुढे प्रत्येक जनावरापाशी छाटणी की कलम ते स्पष्ट. आता फक्त डुकराचं हृदय उरलं. जानेवारी २०२२ मध्ये बाल्टिमोरला माणसात बसवलं ते. त्याला काय म्हणू?

पशुवैद्य

दोन्ही. त्या डुकरात एकूण दहा बदल होते. डुकराची चार जनुकं बंद केली. त्यातली तीन माणसाच्या शरीराला खटकणारी साखर तयार करणारी, चौथं जनुक बंद केलं ते हृदय फार वाढू नये म्हणून. आणि माणसाची सहा जनुकं घातली. चार छाटण्या, सहा कलमं.

धागाकर्ती

संध्याकाळी दूध काढताना हे सासऱ्यांना वाचून दाखवलं. शब्दांबद्दल काहीच बोलले नाहीत. धार थांबवून विचारलं, “माणूस जगला का?” म्हटलं, दोन महिने.