‘खरा गुरुजी जन्मावा लागतो’ म्हणणाऱ्यांस

खडूची भुकटी

शिक्षक दिनापासून फिरत असलेली ती पोस्ट आज आमच्या केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) ग्रुपवर आली, तीही साहेबांनी टाकलेली. मजकूर सगळ्यांनी वाचला असेलच: खरा शिक्षक जन्मावा लागतो, पूर्वीच्या गुरुजींकडे ना प्रोजेक्टर ना प्रशिक्षण, एका खोलीत चार वर्ग, तरी त्यांनी कलेक्टर घडवले, आजच्यांना सातवा वेतन आयोग आहे, तळमळ नाही. खाली जोडलेल्या हातांची रांग.

मला राग त्या जोडलेल्या हातांचा आला. शिक्षक एकदा जन्मजात ठरला की त्याच्यासाठी कुणाला काही करावं लागत नाही. ना जागा भरायच्या, ना वर्गात येऊन बसायचं. निकाल लागला तर त्याची पुण्याई, नाही लागला तर कामचुकारपणा.

मी शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे सुरुवातीच्या मानधनावर, लागलो तेव्हा मला शिकवता येत नव्हतं. डी.एड.चे पाठ रंगीत तक्ते लावून पार पाडलेले. तिसरीला ५२ वजा २७ दिलं की निम्मी पोरं ३५ लिहायची. मी पुन्हा सांगायचो, आवाज चढवून सांगायचो. पुन्हा ३५. आमचे तेव्हाचे केंद्रप्रमुख, म्हणजे केंद्रातल्या शाळांवर देखरेख ठेवणारे, एकदा आले, शेरेबुक बाजूला ठेवलं आणि एका मुलीशेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हणाले, ‘हे कसं केलंस, मला शिकव.’ ती म्हणाली, ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.’ म्हणजे पोरगी नियमानेच चालली होती, नियम तिचा स्वतःचा होता. दुपारी सरांनी मला काड्या आणि रबरं घेऊन बसवलं, दहाचा गठ्ठा सोडून सुट्या करायला लावल्या. आणि पुढच्या आठवड्यात परत आले, मी ते वर्गात करतोय का ते बघायला. मी जो काही शिक्षक झालो तो त्या दुसऱ्या फेरीमुळे.

आता केंद्रप्रमुखांच्या जागा रिकाम्या, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार. आले तर तांदळाचा साठा बघून जातात. ग्रुपवर भर वर्गाच्या वेळी ‘अति तातडीचे, १ वाजेपर्यंत लिंक भरा, माहिती निरंक असल्यास निरंक कळवा’. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी कामं देऊ नयेत असं स्पष्ट आहे. त्या निवडणुकीच्या दारातून बीएलओगिरी, म्हणजे मतदारयाद्यांचं काम, आत आली आणि बारा महिने मुक्कामाला बसली. २०२२ मध्ये ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात आमचे फोटो लावायला सांगितले. २०२४ मध्ये जीन्स-टीशर्ट घालू नका हे सांगितलं. वजाबाकी का येत नाही हे विचारायला कोण येतं?

पालक_नाशिकरोड

छान लिहिलंय सर, रडगाणं सुरात आहे. आता साधा प्रश्न. माझा पुतण्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे, त्याला दुसरीचं पुस्तक अडखळत वाचता येतं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ पाहणीचे अहवालही वर्षानुवर्षं हेच सांगतायत. त्या शाळेतल्या दोन्ही गुरुजींची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत. हॉटेलवाला स्वतःच्या हॉटेलात जेवत नसेल तर गिऱ्हाइकाने काय समजायचं?

आणि ती पोस्ट चुकीची कुठे आहे? आमचे गुरुजी गावात राहायचे. रात्री कंदिलाखाली चौथीच्या स्कॉलरशिपची तयारी करून घ्यायचे, फुकट. आजचे पावणेपाचला मोटारसायकलला किक मारतात.

वऱ्हाडी ठेचा

राजेहो, त्या गुरुजींनी घडवलेले कलेक्टर सगळ्यांनी मोजले, पळवून लावलेले कुणीच नाही मोजले. माझ्या बापाने चौथीत शाळा सोडली. कारण काय, तर पाढा चुकला म्हणून निरगुडीच्या फोकाने पोटऱ्या सोलल्या. आजही तेरा चोक म्हटलं की म्हातारा गप्प होतो. तेच गुरुजी वारले तेव्हा गावाने शोकसभा घेतली, ‘शिस्तप्रिय’ म्हणून. एका खोलीत चार वर्ग शांत कसे बसत, याचं उत्तर त्या फोकात आहे.

पालक_नाशिकरोड

म्हणून सगळे तसे होते का? आमचे नव्हते.

निवृत्त_केंद्रप्रमुख

खडूची भुकटी, तुमचे केंद्रप्रमुख भले होते. मीही त्या खुर्चीवर बसलो आहे, दुसरी बाजू ऐका. मी वर्गात मागे जाऊन बसायचो तेव्हा काय व्हायचं? शिक्षक लगेच मुलांना कविता म्हणायला लावायचा, ठरलेली, तालासुरात. पुन्हा आठ दिवसांनी गेलो की रात्री संघटनेच्या तालुकाध्यक्षाचा फोन: ‘साहेब, आमच्या माणसावर काही राग आहे का?’ एका शाळेत मी शेरेबुकात लिहिलं की पहिलीची मुलं फळ्यावरचं उतरवतात पण वाचत नाहीत. ते पान पुढच्या भेटीत गायब. शेरेबुकाला पानांचे आकडे छापलेले असतात हेही त्या गृहस्थाच्या लक्षात आलं नव्हतं.

आधार द्या म्हणता, तर आधी वर्गाचं दार उघडं ठेवा. सगळे नाही, पण बरेच जण ते बंदच ठेवतात.

खडूची भुकटी

सर, दार बंद का राहतं तेही सांगा ना. दाराशी येणारा गेली कित्येक वर्षं नोटीस घेऊनच येतो. ज्याच्या सहीने माझी वेतनवाढ अडू शकते त्याच्यापुढे मी ‘मला हा भाग शिकवता येत नाही’ असं म्हणणार आहे का? मदत करणारा आणि शिक्षा देणारा माणूस एकच ठेवला की कविताच ऐकायला मिळणार.

तर्ककठोर

फिनलंडमध्ये १९९० च्या दशकात शाळातपासणीच बंद केली. तिथे पहिलीच्या शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते. आधी निवड कडक, मग विश्वास. आपल्याकडे टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, गुणांत फेरफार करून सात हजारांहून जास्त लोक पात्र झाल्याचं उघड झालं. आणि आता १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, सेवेची पाचहून अधिक वर्षं उरलेल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हा म्हटलंय, तर केवढा आक्रोश. शिकवता येतं ना? मग परीक्षा द्या.

वऱ्हाडी ठेचा

आलं फिनलंड. म्हटलं अजून कसं नाही आलं.

खडूची भुकटी

पेपर देईन की. बालमानसशास्त्राचे पर्याय घोकून पासही होईन. त्याने ३५ लिहिणाऱ्या पोरीचं काय होणार, तेवढं तर्काने सिद्ध करून दाखवा.

पालक_नाशिकरोड

विषय भरकटवू नका. मी गावात राहण्याचं बोललो, त्यावर एकानेही उत्तर दिलं नाही. घरभाडे भत्ता घेता ना? मुख्यालयी राहतो म्हणून लिहून देता, ग्रामसभेचा ठराव जोडता आणि राहता तालुक्याला. २०२२ मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी हेच विधानसभेत काढलं तर सगळे त्यांच्यावर तुटून पडले. खोटं लिहून देणारा माणूस मुलांना कोणतं मूल्यशिक्षण देणार?

एसटीवाली बाई

दादा, उत्तर मी देते. माझी पहिली शाळा मोखाड्यात एका पाड्यावर. मी राहिले आहे तिथे. घर म्हणजे एकाच्या पडवीला लागून काढलेली खोली, दाराला आतून कडी नाही, संडास नाही. नवरा नोकरीला संगमनेरला. अंधार पडला की पाण्याचा पेलासुद्धा जपून प्यायचा, रात्री बाहेर जायला लागू नये म्हणून. तुमच्या घरातल्या बाईला पाठवाल का अशा ठिकाणी, मूल्यशिक्षणासाठी?

ठरावाचं म्हणाल तर तो खोटा असतो हे ग्रामसेवकापासून वरपर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं. गावात भाड्याने द्यायला घर नाही आणि कागदावर राहणं सक्तीचं, मग कागदच राहायला जाणार.

पालक_नाशिकरोड

मग भत्ता घेऊ नका! गैरसोय आहे हे मान्य, पण पैसे तर सोयीचे वाटतात ना?

एसटीवाली बाई

तालुक्याला घराचं भाडं मी भरते, तुम्ही नाही. खेड्यातल्या नोकरीचा भत्ता सगळ्यात खालच्या दराचा असतो, त्यात तालुक्याची खोलीही येत नाही. कलेक्टर कचेरीतला माणूस कुठे राहतो हे कुणी विचारलंय? रात्री पेशंट येतो त्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला विचारा आधी.

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताई, तुमचं दुःख खरं आहे, पण तुम्ही बाई आणि पाडा सांगता. आमच्याकडे डांबरी रस्त्यावरच्या, नळ-संडास असलेल्या गावातले धडधाकट गुरुजीही राहत नसत. त्यांतले काही दुपारनंतर जमिनीच्या व्यवहारात असत. त्यांच्यासाठी तुमच्या पडवीची ढाल वापरू नका.

एसटीवाली बाई

मी कुणाची ढाल होत नाही. त्यांना पकडायची सही तुमच्याकडे होती सर, माझ्याकडे नव्हती.

वऱ्हाडी ठेचा

हे बरोबर बोलल्या बाई.

बिनपगारी

घरभाड्यावर भांडताय, ऐकून करमणूक झाली. मी एका इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत आहे. ज्या शाळेत पुतण्या असता तर तुमचा जीव निवला असता, तसल्याच. पगार खात्यावर जमा होतो आणि तीन तारखेला त्यातला निम्मा रोख पाकिटात घालून ऑफिसात द्यायचा. बी.एड., टीईटी दोन्ही आहे. उन्हाळ्यात आम्हाला ॲडमिशन आणायचं टार्गेट असतं, घरोघर पत्रकं वाटतो. माझ्या वर्गात काचेचं दार, कॅमेरा, स्मार्ट बोर्ड. मुलं प्रश्नोत्तरं पाठ करतात, पालक खूश. ५२ वजा २७ आमच्याकडेही ३५ येतं, फक्त पोरं ते ‘थर्टी फाइव्ह’ म्हणतात.

जि.प. वाल्यांना निदान पगार तरी पूर्ण मिळतो. शिक्षणसेवकालासुद्धा २०२३ पासून सोळा हजार. आमच्याकडे पंधरा वर्षं अनुभव असलेल्या बाईला तेवढे नाहीत.

पालक_नाशिकरोड

माझी मुलगी अशाच शाळेत आहे. पाकिटाचं पहिल्यांदाच ऐकलं. खरं असेल तर तक्रार का करत नाही?

बिनपगारी

करतो. तुम्ही माझ्या घराचा हप्ता भरा.

तर्ककठोर

भावनिक किस्से सोडून कुणी मूळ प्रश्नावर येणार का? चांगला शिक्षक म्हणजे काय, व्याख्या तरी करा.

एसटीवाली बाई

व्याख्या तुम्ही करा, मी अजून एक किस्साच सांगते. पालक दादांना आवडेल, म्हणून जिवावर येतंय. पाड्यावर राहण्याचा एक फायदा झाला हे नाकारता येत नाही. पहिलीतली वारली पोरं माझ्यापुढे तोंड उघडत नव्हती. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी परकी, मला वाटायचं मुलं मंद आहेत. संध्याकाळी ओट्यावर बसून त्यांच्या आयांचं बोलणं कानावर पडायला लागलं, तेव्हा कळलं की हीच पोरं घरी तासन्‌तास बडबडतात. त्यांचे शब्द फळ्यावर लिहायला लागले, तसा वर्ग बोलायला लागला. तीन वाजता निघून गेले असते तर हे कळलं नसतं.

पण मग काय झालं तेही ऐका. दिवाळीनंतर निम्मी कुटुंबं वीटभट्टीवर गेली, पोरं गेली. आणि माझी ऑनलाइन बदली झाली. पती-पत्नी एकत्रीकरणात मीच अर्ज केला होता, कडी नसलेल्या दाराला कंटाळून. माझ्या जागी आलेल्या सरांना ते शब्द सांगून ठेवायला रजिस्टर नव्हतं. चार्ज दिला तेव्हा खुर्च्या, ताटं, तांदळाची पोती, सगळं मोजून लिहून घेतलं. पोरं काय बोलतात याचा रकाना नव्हता.

निवृत्त_केंद्रप्रमुख

ही गोष्ट महिन्याच्या शिक्षण परिषदेत सांगितली असतीत तर बाकीच्या पाड्यांवरच्या शिक्षकांना उपयोग झाला असता.

एसटीवाली बाई

शिक्षण परिषदेत दोन तास यू-डायसची, म्हणजे शाळेच्या आकडेवारीची, माहिती भरली सर. मग चहा झाला.

निवृत्त_केंद्रप्रमुख

हं. ते आमच्याही काळात तसंच होतं.

खडूची भुकटी

चला, सरांनी एवढं तरी मान्य केलं, फ्रेम करून लावतो. मीही एक मान्य करतो: सरांची ती गायब पानं खरी आहेत, आमच्यातही असले महाभाग आहेत आणि संघटना त्यांनाच आधी पाठीशी घालते. पण म्हणून घरभाड्यावर अख्खा दिवस भांडायचं आणि त्या केंद्रप्रमुखांच्या जागा कधी भरणार हे कुणीच विचारायचं नाही, हे काही झेपत नाही. पालक साहेब, पुतण्याच्या शाळेत किती शिक्षक आहेत, मंजूर किती, बीएलओ कोण, हे विचारलंय का कधी? आरटीईप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. तिथे विचारता येतं.

पालक_नाशिकरोड

ठीक आहे, सगळा दोष गुरुजींचा नाही, घ्या, लिहून दिलं. भत्त्याचं मात्र मागे घेत नाही. आणि समितीचं म्हणाल तर आत्ताच भावाला फोन केला. म्हटलं, बैठकीत जाऊन हे विचार. त्याने मुख्याध्यापकांना विचारलं तर ते म्हणाले, ‘अहो, तुम्ही समितीवर आहातच, दोन वर्षं झाली.’ भावाला आज कळलं.

वऱ्हाडी ठेचा

मग इतिवृत्तावर त्याची सही कोण करते, तेवढं बघायला सांगा राजेहो.