जनगणनेत नाही, कोतवाल पंजीत शोधा

पणजोबांचं आडनाव 1931 च्या जनगणनेत मिळेल का, असं एकानं विचारलंय. नाही मिळणार. त्या अहवालात जातवार, जिल्हावार आकडे आहेत, घरोघरची नावं नाहीत. ब्रिटनमध्ये शंभर वर्षांनी घरवार याद्या खुल्या होतात, आपल्याकडे तशी सोय नाही.

नागपूर जिल्ह्यातलं गाव असेल तर तहसील कार्यालयात कोतवाल पंजीची नक्कल मागा. जन्ममृत्यूच्या या गाववार नोंदीत आडनाव बरेचदा नसतंच. मुलगा किंवा मुलगी, बापाचं नाव, जात, एवढंच. म्हणून बाप-आज्याची नावं आणि मूळ गाव घरच्या म्हाताऱ्यांकडून आधी पक्कं करून घ्या, आणि हे आजच करा. मग शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, ताडून बघा. आडनाव बहुधा तिथंच पहिल्यांदा दिसतं.