दक्षिण आफ्रिकेतली गुन्हेगारी आणि लाचखोरी : तुमचे अनुभव

कामानिमित्त दक्षिण आफ्रिकेत राहिलेले, अजून राहणारे आपल्यात बरेच जण आहेत. तिथली गुन्हेगारी, लाचखोरी तुमच्या वाट्याला कशी आली ते लिहा. ऐकीव नको, स्वतः पाहिलेलं-सोसलेलं सांगा.

मीच सुरुवात करते. आमचं घर जोहान्सबर्गच्या उत्तरेला. कुंपणावर विजेच्या तारा, शिवाय घराच्या आत, बेडरूमकडे जाणाऱ्या बोळात एक सरकता लोखंडी दरवाजा. रात्री मुलांना आत घेऊन तो लावायचा, किल्ली उशाशी, पॅनिक बटण हाताशी. चोर शिरलेच तर टीव्ही-लॅपटॉप नेऊ देत, माणसांपर्यंत पोचू नयेत. बटण दाबलं की पोलीस येत नाहीत, खासगी कंपनीचे बंदूकधारी येतात. त्यांना दरमहा पैसे भरतो. टाउनशिपमधल्या, म्हणजे वर्णभेदाच्या काळात शहराबाहेर वसवलेल्या कृष्णवर्णीयांच्या गरीब वस्त्यांमधल्या लोकांना हे कुठून परवडणार? आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई पगाराच्या दिवशी अंधार पडायच्या आत घर गाठायला धडपडतात.

*

महामार्गावर ट्रॅफिकवाल्याने अडवलं. लायसन्स उलटसुलट बघत म्हणाला, "फार गरम होतंय, कोल्ड्रिंकचं बघा काहीतरी." म्हटलं, पावती फाडा, दंड भरतो. बराच वेळ उन्हात ताटकळत ठेवलं आणि पावती न फाडताच सोडलं. नवीन येणाऱ्यांनो, नोट काढू नका, पावती मागा.

*

डर्बन, जुलै 2021. माजी अध्यक्ष झुमा तुरुंगात गेले आणि दंगल पेटली. दुकानं, गोदामं लुटली, ब्रेडसाठी रांगा लागल्या. आमच्या गल्लीत आळीपाळीने रात्रभर पहारा होता. देशात साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली. त्यातली तीसहून जास्त डर्बनजवळच्या फिनिक्स या वस्तीत. तिथे भारतीय वंशाच्या रहिवाशांनी रस्ते अडवून कृष्णवर्णीयांवर हल्ले केले. आपले लोक फक्त जळालेल्या दुकानांचं सांगतात. हेही सांगायलाच हवं.

*

मी हिशेब तपासनीस. बबिता देवकरण गौतेंग प्रांताच्या आरोग्य खात्यात अर्थविभागात अधिकारी होत्या. टेंबिसा रुग्णालयाची संशयास्पद बिलं थांबवा, असं त्यांनी वर कळवलं. 23 ऑगस्ट 2021 ला मुलीला शाळेत सोडून परतल्या, तेव्हा घराबाहेरच त्यांना गोळ्या घातल्या. 2023 मध्ये 6 जणांना शिक्षा झाली, पण सुपारी देणारा त्यांच्यात नव्हता. तेव्हापासून आमच्या ऑफिसात खटकणाऱ्या बिलावर शेरा मारताना लोक नाव घालायला कचरतात. मी घालतो, बायकोला ते मुळीच पसंत नाही. तक्रारीसाठी एक फोन नंबर दिलाय, पण पलीकडे कोण उचलतं ते आम्हाला ठाऊक नाही. तुमच्याकडे तक्रार करणाऱ्याला खरंच काही संरक्षण मिळतं का?