मदत हवी आहे: आरव्ही (चाकांवरचं घर) विकणाऱ्या डीलरच्या दबावाला तोंड कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसजवळ राहतो. उन्हाळ्यात आई-बाबा नाशिकहून येतायत, त्यांना यलोस्टोन नॅशनल पार्क दाखवायचं म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढून न्यायची आरव्ही) विकत घ्यायला बघतोय. शनिवारी एका मोठ्या डीलरकडे "नुसतं बघून येऊ" म्हणून गेलो आणि चार तास अडकलो.

सेल्समन एकूण किंमत सांगेचना. जाड मार्करने कागदावर "महिना ३८९ डॉलर" लिहून कागद पुढे सरकवला. हप्ते किती वर्षं विचारलं, तर वीस! मग मॅनेजर आला, "हा भाव फक्त आजचाच." तेवढ्यात बायकोने पलंगाखालचा कप्पा उघडला, तर कोपऱ्यातलं प्लायवुड ओल लागून फुगलेलं. "करून देऊ" म्हणाले. लेखी द्या म्हटल्यावर विषयच बदलला. पोरं पेंगुळली होती, आम्ही सही न करता निघालो. बरंच झालं, कारण तीन दिवसांत व्यवहार रद्द करू देणारा अमेरिकेचा केंद्रीय नियम डीलरच्या शोरूममध्ये केलेल्या खरेदीला लागू होत नाही.

पण ट्रेलरची रचना घरच्यांना मनापासून आवडलीय, म्हणून पुन्हा जायचंय. डॉक्युमेंट फी (कागदपत्रांची), प्रेप फी (ट्रेलर तयार करून देण्याची), टॅक्स सगळं धरून अंतिम आकडा ईमेलवर आधीच मिळवलाय का कुणी? क्रेडिट युनियनचं (सभासदांच्या पतसंस्थेचं) कर्ज आधी मंजूर करून नेलं तर बोलणी सोपी होतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्रेलर तपासायला आपण नेमलेल्या इन्स्पेक्टरला डीलर आत येऊ देतात का? ती ओल माझ्या डोक्यातून जात नाहीये. कुणी अनुभव घेतला असेल तर कृपया सविस्तर लिहा.