नेंटहेडच्या ढिगाऱ्यांना हात लावावा का?

माळरान:
उत्तर इंग्लंडच्या पेनाइन डोंगरात नेंटहेड हे चिमुकलं गाव आहे. लंडन लेड कंपनीने शिशाच्या खाणींसाठी ते अठराव्या शतकात वसवलं. घरं, शाळा, वाचनालय, सगळं कंपनीचं. 1882 मध्ये तिने गाशा गुंडाळला, नंतर बेल्जियमच्या कंपनीने जस्त काढलं. आज खाणी बंद आहेत आणि गावाभोवती खाणमातीचे उघडेबोडके ढिगारे उरलेत. ते झाकून हिरवळ करावी असं काहींना वाटतं. माझा ठाम विरोध. स्प्रिंग सँडवर्टसारखी फुलझाडं या विषारी मातीतच तग धरतात. वर चांगली माती टाकलीत तर गवत त्यांना जगू देणार नाही.

टाइनकाठ:
फुलांचं कौतुक आहेच, पण माशांनी काय घोडं मारलंय? नेंट नदी ऑल्स्टनजवळ साउथ टाइनला मिळते, तेच पाणी पुढे न्यूकॅसलपर्यंत जातं. पावसाने ढिगाऱ्यांतलं जस्त, कॅडमियम आणि शिसं नदीत उतरतं. आणि वाचनालयाचं कौतुक जरा आवरा. खाणकामगार धुळीने छाती भरून अकाली मरत होते, हेही त्याच गावात.

माळरान:
म्हणूनच ढिगारे दिसायला हवेत. हिरवळीखाली गेले की उरेल फक्त सहलीचं गाव.

चष्मेवाला:
दोघंही ढिगाऱ्यांवरच अडलात. बराचसा धातू खाणीच्या बोगद्यांतून वाहणाऱ्या पाण्याबरोबर येतो. ते पाणी तोंडाशीच अडवा. नेंटहेडच्याच कंब्रिया परगण्यात फोर्स क्रॅग खाणीवर 2014 पासून हे चालू आहे: पाणी तळ्यात सोडतात, तिथे ते कंपोस्ट, लाकडाचे तुकडे आणि चुनखडीच्या थरांतून झिरपतं, जिवाणू सल्फाइड (गंधकाचं संयुग) तयार करतात आणि त्याच्याशी जुळून जस्त तळ्यातच अडकून राहतं. वीज जवळजवळ लागत नाही. फुलंही राहतील, मासेही.

टाइनकाठ:
कागदावर झकास. सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा वास, तो कुणाच्या दारात? शिवाय काही वर्षांनी धातूने भरलेलं कंपोस्ट उपसायचं, ते टाकायचं कुठे? आणि पावसाने ढिगाऱ्यांवरून धुऊन येणारं त्याने थांबत नाही, निदान नदीलगतचे तरी बांधून काढावेच लागतील.

चष्मेवाला:
नदीलगतचे बांधा, मान्य. वरचे राहू द्या.

माळरान:
नदीलगतचेसुद्धा बांधा, झाकू मात्र नका. खर्चाचं मात्र कुणी बोलत नाही. ब्रिटनच्या कायद्याने 1999 अखेरपर्यंत सोडून दिलेल्या खाणींच्या पाण्याची जबाबदारी जुन्या मालकांवर येत नाही. नफा कंपनीने नेला, निस्तरायचं करदात्याने.