शक्तिमान ट्रक घरीच दुरुस्त करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

आंब्याखालचा_ट्रक:

नमस्कार मंडळी,

पिरंगुटला काकांच्या जागेत आंब्याखाली एक शक्तिमान उभा आहे. १९८४ चा, जबलपूरचा. लष्कराच्या लिलावातून एका नर्सरीवाल्याने घेतला होता, त्याच्याकडून काकांकडे आला. काकांनी दोन वर्षं त्यातून माती आणि शेणखत ओढलं, मग गुडघ्यांनी दगा दिला (काकांच्या, ट्रकच्या नव्हे) आणि गाडी जी उभी राहिली ती नऊ पावसाळे तिथेच. गेल्या दिवाळीत काका गेले. काकू म्हणते भंगारात घाल, सापांची सोय झालीय नुसती. भंगारवाला दोनदा येऊन, टायरला लाथ मारून, मनातल्या मनात वजन करून गेलाय. मला काही ते मनावर घेववत नाही.

सध्याची अवस्था: बॉनेटखाली उंदरांचं घर, वायरी अर्ध्या खाल्लेल्या. इंजिन ऑइल खुणेपर्यंत आहे, पण डांबरासारखं. टाकीत अर्धी टाकी जुनं डिझेल. क्लच दाबला तर पेडल खाली जातं, पण क्लच सुटत नाही. बॅटऱ्या केव्हाच चोरीला गेल्या.

माझा अनुभव म्हणाल तर बुलेटचं इंजिन दोनदा खोलून परत बसवलंय (दुसऱ्यांदा एकही नट उरला नाही). डिझेलचं ज्ञान शून्य. गावातला एक मेकॅनिक म्हणतो, "दोन नव्या बॅटऱ्या टाका, बाटलीतनं थेट डिझेल पाजू, अर्ध्या सेल्फमध्ये उठतीय बघा." रविवारी यायचं ठरलंय. हे बरोबर आहे का? पुण्यात पार्ट मिळतील का? आणि कागदपत्रांचं काय?

---

कोथरूडचा_कोपरा:

फोटो टाका. आणि साप खरंच आहे का तेही सांगा.

---

निवृत्त_ईएमई:

रविवारचा कार्यक्रम रद्द करा. मेकॅनिकला चहा पाजून परत पाठवा.

लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, तेवीस वर्षं हेच काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पेट्रोल गाडीची चावी बंद केली की ठिणगी बंद, इंजिन बंद. डिझेलला ठिणगीच नसते. इंजिनावरचा डिझेलचा पंप डिझेल देत राहिला तर इंजिन चालत राहणार, तुमची चावी खिशात असली तरी. पंपाच्या आत एक दांडी असते, तिला रॅक म्हणतात. ती पुढेमागे सरकते तसं डिझेल कमीजास्त होतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की आतलं डिझेल लाखेसारखं चिकट होतं, पाणी शिरलं असेल तर गंज धरतो, आणि रॅक आहे तिथे बसते. बंद इंजिनात गव्हर्नरची (वेग आवरणाऱ्या भागाची) स्प्रिंग बऱ्याचदा तिला फुलच्या, म्हणजे जास्तीत जास्त डिझेलच्या बाजूला ढकलून ठेवते. म्हणजे काय, तर तुम्ही सेल्फ मारला, इंजिन उठलं की पायाखाली काही नसताना थेट शेवटच्या आवाजात. स्टॉपची तार ओढाल तर ढिम्म. तिकडे कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर यायला फार वेळ लागत नाही.

म्हणून आधी पंपाच्या कुशीचं (बाजूचं) झाकण उघडा. आत रॅक दिसते. स्टॉपचा हात हलवून बघा, मग बोटाने ढकलून बघा. लोण्यातून सुरी जावी तशी गेली पाहिजे. अडली तर स्क्रूड्रायव्हर लावून ठोकू नका. स्वच्छ डिझेल सोडा, दोन दिवस थांबा, परत बघा. तरी नाही हलली तर पंप उतरवून कॅलिब्रेशनवाल्याकडे (पंप तपासून जुळवून देणाऱ्याकडे). पंपाच्या मागे गोल डबी आणि तिथून इंजिनाच्या हवेच्या नळीकडे जाणारी बारीक नळी दिसली तर तो हवेवर चालणारा गव्हर्नर. त्यातला पडदा कडक होऊन चिरलेला असेल तरी इंजिन असंच उधळतं.

दुसरी गोष्ट, एअर फिल्टर. ऑइल बाथ (तळाच्या तेलात धूळ पकडणारा) असेल तर तळाचं भांडं धुवा आणि तेल खुणेपर्यंतच भरा. खुणेच्या वर भरलंत तर इंजिन ते तेल ओढून त्याच्यावर पळतं. आमच्याकडे एका पोराने हे केलं होतं. डिझेलची लाइन सोडली तरी गाडी थांबेना, कारण ती डिझेलवर चालतच नव्हती. एकाने घडी घातलेलं पोतं तोंडावर धरलं, ते आत गेलं. शेवटी उस्तादांनी फळी आडवी मारली तेव्हा विझली. तर पहिल्या सेल्फच्या दिवशी फिल्टर काढून ठेवा, आणि हवेचं तोंड पूर्ण झाकेल अशी सपाट फळी घेऊन एक माणूस तिथेच उभा करा. कापड नको, हात तर मुळीच नको.

या दोन गोष्टी झाल्यावर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचा-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक रात्र मुरू द्या आणि हाताने इंजिन फिरवा. दोन पूर्ण फेरे मोकळे फिरले तर बॅटरीचा विचार करायचा. ऑइल-फिल्टर त्याआधी नवीन. नोझलखालचे तांब्याचे वायसर जुनेच वापरणार असाल तर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, मऊ होतात.

---

आंब्याखालचा_ट्रक:

बाप रे. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "त्या निवृत्त काकांना विचारा, मग गाडी उठवायची का नुसती बघायची."

क्लचबद्दल कोणी सांगेल का? (साप नाही, धामण होती. गेली.)

---

डिझेलताई_निगडी:

निवृत्त काकांना +१. आमचं पंप-नोझलचंच दुकान आहे, वडिलांपासून. वर्षाला एकदोन पंप असे येतातच, "चालू करून बघितला, आता जॅम आहे" म्हणून.

पंप उतरवणारच असाल तर दादा, आधी पंपाच्या कडेवर आणि इंजिनावर एकाच रेषेत छिन्नीची बारीक खूण करा, आणि फ्लायव्हील किंवा पुलीवरची टायमिंगची खूण जुळवून मगच सोडवा. मोबाईलवर चार बाजूंनी फोटो. पंप गोणीत घालून, खूण न करता आणणारी माणसं नंतर टायमिंग चुकून महिनाभर पांढऱ्या धुरात बसतात.

आता डिझेल. टाकीतलं जुनं डिझेल एक थेंबही वापरू नका. पावसाळ्यात अर्ध्या रिकाम्या टाकीत दव धरतं, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर जंतू वाढतात. काळपट, शेवाळासारखा बुळबुळीत थर दिसेल. टाकी उतरवा, तळाचा बोल्ट सोडा, नुसत्या डिझेलने दोनतीनदा खळबळून काढा. रबरी नळ्या सगळ्या बदला. एप्रिल २०२० पासून पेट्रोल पंपावर बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांचं) डिझेल आहे, त्यात गंधक दहा लाखांत जेमतेम १० भाग. जुन्या डिझेलवर फुगून बसलेली सीलं नव्या डिझेलमध्ये आकसतात आणि झिरपायला लागतात.

नोझल बाहेर काढून फवारा बघायचा मोह होतो. हात पुढे धरू नका. पावणेदोनशे-दोनशे बारचा फवारा कातडीतून आत जातो, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत डिझेल पसरतं. दुखत नसलं तरी त्याच क्षणी हॉस्पिटल.

---

घाटातला_राजा:

बीएस-६ डिझेल कोरडं असतं, जुना पंप खातं. लिटरला थोडं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल टाकायचं. मी माझ्या जुन्या जीपमध्ये सहा वर्षं टाकतोय, पंप लोण्यासारखा.

---

डिझेलताई_निगडी:

राजाभाऊ, गंधक काढताना वंगणपणा जातो हे खरं, पण म्हणूनच कंपन्या डिझेलमध्ये तो परत घालतात आणि त्याची मर्यादा मानकात ठरलेली आहे. टू-टीने नुकसान झालेला पंप मी पाहिला नाही, फायदा झालेलाही नाही. पंप झिजतो तो पाण्याने आणि कचऱ्याने. टू-टीच्या पैशात फिल्टर वेळेवर बदला.

---

घाटातला_राजा:

ताई दुकानवाल्या आहेत, त्यांना पंप बिघडलेलेच हवेत 😄

---

पाना_पक्कड:

क्लच: प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलीय, उभ्या गाड्यांचं ठरलेलं दुखणं. पेडल पूर्ण दाबून सीट आणि पेडलच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून आठवडाभर ठेवा. अधूनमधून वरच्या गिअरमध्ये गाडी पुढेमागे झुलवा. निम्म्या वेळा सुटते. नाही सुटली तर इंजिन चालू झाल्यावर बघू, आधीच गिअरबॉक्स खाली घेऊ नका.

पार्टचं: शक्तिमान बनवणं १९९६ मध्ये थांबलं, तेव्हा दुकानात जाऊन "शक्तिमानचं अमुक द्या" म्हणालात तर तुमच्याकडे बघून हसतील. नावाने मागू नका, मापाने मागा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, रॉकेलने पुसून काढा. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतलं भोक: ६२०६ म्हणजे ३० मिलिमीटर, बाहेरून ६२, जाडी १६. तेच बेअरिंग पंपात, मोटारीत, कशातही असतं, नाना पेठेत किंवा बोहरी आळीत पाच मिनिटांत मिळेल. ऑइल सीलचंही तसंच: आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. सील झिजलेलं असेल तर माप सीलवरून न घेता ज्या शाफ्टवर आणि घरात (हाउसिंगमध्ये) बसतं त्यावरून घ्या. व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) नसेल तर आधी तो घ्या. बुश, पिना वगैरे भोसरीत लेथवर करून मिळतात, फक्त जुना तुकडा सोबत न्या, चित्र काढून नेऊ नका. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी चक्कर मारायला हरकत नाही, पाने स्वस्तात मिळतात. कधीकधी तुमचेच.

माझा स्वतःचा धडा सांगतो. एका ठिकाणी सेल्फ दुरुस्तीला दिला होता. दीड महिन्याने जो परत आला तो माझा नव्हताच, दात वेगळे. भांडून उपयोग झाला नाही. तेव्हापासून कुठलाही भाग देताना आतल्या बाजूला पंच मारून तीन टिंबं करतो.

---

निवृत्त_ईएमई:

पक्कडसाहेबांनी सगळं सांगितलं, चाकं राहिली. याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मरतात, म्हणून लिहितो.

रिमला सुटी लॉक रिंग (टायर रिमवर धरून ठेवणारी कडी) असेल, किंवा रिम दोन पाकळ्यांची नटांनी जोडलेली असेल. पाकळ्यांची असेल तर दोन गोलात नट दिसतील: एक गोल चाक हबला धरतो, दुसरा पाकळ्या एकमेकींना. टायरमध्ये हवा असताना दुसऱ्या गोलाला पाना लावला तर चाक तोफेसारखं फुटतं. आधी व्हॉल्व्हचा कोर काढून हवा पूर्ण घालवा, मग तार घालून व्हॉल्व्ह मोकळा आहे का बघा. त्या नटांना लाल रंग लावून ठेवा. लॉक रिंगचं चाक भरताना पिंजऱ्यात ठेवून भरायचं. पिंजरा नसेल तर चाकाला साखळीचे चार वेढे घाला आणि लांब नळीने बाजूला उभं राहून भरा. गंजलेली रिंग परत वापरू नका. टायर नऊ वर्षं एकाच जागी दबलेत, तेही गेले समजा.

गाडीखाली जाल तेव्हा नुसत्या जॅकवर विश्वास नको. आंब्याखालची जमीन भुसभुशीत असणार. जॅकखाली रेल्वे स्लीपरचा तुकडा किंवा जाड फळी, चॅसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड), दोन्ही बाजूंनी चाकांना उटी (पाचरी). विटा रचून त्यावर ट्रक ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. वीट भार घेते, घेते आणि एकदम भुगा होते.

ब्रेक ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ फुंकू नका, हवेचा झोतही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

---

सदाशिवातला_नियमवाला:

तांत्रिक चर्चा छान. पण गाडी चालू झाली की रस्त्यावर येणार, आणि मग खरी गंमत.

१) रंग. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालत नाही. "ओरिजिनल आहे" हे चांदणी चौकातल्या पोलिसाला सांगून बघा.

२) पन्नास वर्षं जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचा नियम आला, लोक तोच धरून बसतात. तुमची १९८४ ची, म्हणजे २०३४ पर्यंत तो विषयच नाही. आणि तो नियम दुचाकी-चारचाकींसाठी, हौसेखातर बाळगलेल्या.

३) काकांच्या नावावर आरसी आहे का? नसेल तर लिलावाची विक्रीची कागदपत्रं बघा. भंगार म्हणून विकलेली गाडी आणि वापरासाठी विकलेली गाडी यात जमीनअस्मानाचा फरक आहे. भंगार म्हणून विकली असेल तर ती आवारातच फिरवायची. आरसी असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. काकू वारस, तुम्ही नव्हे, लक्षात असू द्या.

४) भरलेलं वजन ७५०० किलोच्या वर गेलं की तुमचं कारचं लायसन्स चालत नाही.

---

कोथरूडचा_कोपरा:

नियमवाले काका, तुम्ही आणि काकू मिळून भंगारवाल्याचं काम सोपं करताय.

---

आंब्याखालचा_ट्रक:

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

पंपाच्या कुशीचं झाकण उघडलं. रॅक फुलच्या टोकाला बसलेली. स्टॉपचा हात वर वाकतोय पण आत काही हलत नाही. निवृत्त काका, रविवारी आम्ही खरंच सेल्फ मारणार होतो. मेकॅनिकला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला, मग म्हणाला, "आपल्याला पळता पण आलं नसतं." आता तो रोज संध्याकाळी येतो, चहाही स्वतःच मागतो.

डिझेल सोडून चार दिवस ठेवलं, हललं नाही. खुणा करून पंप उतरवला, कॅलिब्रेशनला दिलाय. (ताई, तुमच्याकडे नाही, आमच्या घराजवळ. राग मानू नका. तीन टिंबं मारलीत.) इंजिन हाताने फिरतंय, चौथ्या सिलिंडरशी जरा अडलं, ऑइल मुरल्यावर सुटलं. क्लच ठोकळा लावल्याच्या नवव्या दिवशी सुटला, इतक्या मोठ्याने की काकू बाहेर आली.

आरसी सापडली, देवघराच्या खणात, काकांच्या नावावर. नाव बदलायला काकूला संगमपुलाजवळच्या आरटीओत न्यायचं होतं. ती म्हणाली, "येते, पण हिरवा रंग काढणार असशील तर पिवळा दे. शेवंतीचा." नियमवाले काका, पिवळा चालतो ना?

आणि पक्कडदादा, मागच्या डाव्या हबचं सील. शाफ्ट घासला गेलाय, व्हर्नियर तीन जागी तीन मापं दाखवतोय. सील मोठ्या मापाचं घेऊ, की आधी शाफ्टवर बाही (स्लीव्ह) बसवून लेथला देऊ?