शब्द पुसलेले गाणे सामाजिक राहते का? ‘सँडिनिस्टा!’ निमित्ताने

फोंडेकर:
लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक (बंडखोर, रोखठोक रॉक) गटाचा ‘सँडिनिस्टा!’ हा अल्बम डिसेंबर १९८० मध्ये आला. तीन तबकड्या, ३६ गाणी, आणि नाव निकाराग्वात १९७९ साली सोमोझाची हुकूमशाही उलथवणाऱ्या क्रांतिकारकांचे. ‘वॉशिंग्टन बुलेट्स’ या गाण्यात चिली आणि क्यूबातील अमेरिकी कारवायांबरोबरच अफगाणिस्तानातील रशियालाही जाब विचारला आहे, आणि ते धाडस मला आजही मोठे वाटते. मात्र सहाव्या बाजूवर याच गाण्याचे डब रूप (गायकाचा आवाज काढून वाद्यांचे केलेले नवे मिश्रण) येते, तेव्हा मूळ शब्द जवळजवळ पुसले जातात आणि त्यांच्या जागी संगणकी भाषेची बडबड ऐकू येते. जे सांगायचे होते तेच काढून टाकल्यावर उरतो तो फक्त ठेका, आणि नुसता ठेका तर गोव्यात हणजुण्याच्या किनाऱ्यावर रात्रभर मिळतो. रेल्वे दुपदरीकरणाविरुद्ध २०२० मध्ये चांदोरला रुळांवर जमलेल्या लोकांनी गाणी म्हटली, ती शब्दांसाठीच.

म्हापसेकर:
फोंडेकर, आपण डबकडे शेवटून पाहत आहात. जमैकात तबकडीच्या मागच्या बाजूवर गायकाचा आवाज काढून बास आणि ड्रम ठेवत, ते साउंड सिस्टिमवरच्या, म्हणजे नाचासाठी लावलेल्या मोठ्या फिरत्या ध्वनियंत्रणेवरच्या, डीजेला त्यावर स्वतःचे बोलता यावे म्हणून. यू-रॉय हा डीजे पुढे आला तो असाच. म्हणजे शब्द गाळणे ही दुसऱ्याला दिलेली जागा असते. याच बाजूवरच्या ‘लिव्हिंग इन फेम’मध्ये जमैकाचा मायकी ड्रेड गटाच्याच दुसऱ्या एका गाण्याच्या तालावर बोलतो, आपण ते गाणे सोयीस्करपणे वगळलेत. शिवाय जमैकाच्या किंग टबीसारख्या ध्वनितंत्रज्ञांनी मिक्सिंगचे यंत्रच वाद्यासारखे वाजवले, त्या कारागिरीला ‘नुसता ठेका’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

फोंडेकर:
‘लिव्हिंग इन फेम’ मान्य. पण मी बोलत होतो त्या गाण्यात ती जागा कोणी घेतली? मूळ गाण्यातल्या, चिलीत छळलेल्या माणसाच्या नावाऐवजी यंत्राची बडबड येते, तेव्हा जागा मिळाली ती कोणाला, हे सांगावे. आपल्या तियात्रातील (गोव्याच्या कोकणी संगीत नाटकातील) कांतारकार, म्हणजे गाणी म्हणणारा, ठेका बाजूला ठेवून मंत्र्याचे वाभाडे काढतो आणि त्याला प्रेक्षकांकडून लगेच ‘वन्स मोअर’ मिळतो.

मडगावकर:
तियात्राशी तुलना मला पटत नाही, कारण कांतार, म्हणजे तियात्रातले गाणे, समोर बसलेल्या, मंत्र्याला ओळखणाऱ्या माणसांसाठी असते. निकाराग्वा लंडनच्या श्रोत्याच्या ओळखीचे नव्हते. माझा आक्षेप वेगळा आहे. तीन तबकड्या एकीच्या भावात विकण्यासाठी गटाने ब्रिटनमधील पहिल्या २,००,००० प्रतींवरची रॉयल्टी सोडली, हे खरे सामाजिक कृत्य होते. परंतु त्या उदारपणामुळे अल्बममध्ये अर्धवट गाणीही शिरली आणि रेगे (जमैकाचे लोकप्रिय संगीत), पंक, डब यांच्या जोडीला जॅझ, गॉस्पेल (चर्चमधली भक्तिगीते), रॅप सगळेच आले. दोन तबकड्यांत हेच अधिक धारदार झाले असते.

म्हापसेकर:
धार हवी असेल तर त्यांचा १९७७चा पहिला अल्बम आहेच; त्यात जमैकाचा गायक ज्युनियर मर्विन याचे रेगे गाणे त्यांनी पंकच्या अंगाने गायले आहे. इथे त्यांना पसारा हवा होता, आणि मला तोच आवडतो. ‘वॉशिंग्टन बुलेट्स’चे डब मात्र फसले, एवढे फोंडेकरांना देतो.